शिशाची बॅटरी एवढ्यात जाणार नाही, तिच्या भंगाराचं बघा
महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि मा. सदस्य सचिव,
महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, मुंबई

विषय: जुन्या बॅटऱ्यांचं ॲसिडसकट वजन, दुकानदारांची नोंद आणि चोरट्या भट्ट्या

महोदय,

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात बॅटरीचं दुकान चालवतो. ट्रॅक्टर, ट्रक, इन्व्हर्टर, सोलर, रानातलं झटका मशीन, पतसंस्थेचा यूपीएस, मंडपवाल्याचा जनरेटर, सगळ्यांच्या बॅटऱ्या माझ्याकडं येतात. नवी विकतो, जुनी परत घेतो, मधल्या काळात तिला चार्जिंगला लावतो. लिथियमही विकतो. त्यामुळं हे पत्र शिशाची वकिली करायला लिहिलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

माझं म्हणणं वेगळं आहे. बॅटरीच्या भंगाराचा विषय कुठंही निघाला, कार्यशाळेत, व्यापाऱ्यांच्या बैठकीत, की कुणीतरी म्हणतंच, "अहो, शिशाचं आता किती दिवस राहिलं? लिथियम आलंय ना!" आणि बोलणं तिथंच थांबतं. जे चार-पाच वर्षांत आपोआप जाणार, त्याच्यासाठी नवा बंदोबस्त कोण करत बसणार? मी दुकानात बसलो तेव्हापासून ही चार-पाच वर्षं चालूच आहेत. म्हणून शिशाची बॅटरी का टिकून आहे हे आधी गल्ल्यावरून दिसतं तसं सांगतो, आणि ती टिकून असताना आपल्या मंडळाकडून काय हवं आहे ते त्यानंतर.

आमच्या भागातलं उदाहरण घ्या. कारखान्याचा गळीत हंगाम संपला की ऊस ओढणारे ट्रॅक्टर शेडला लागतात. पावसाळाभर कुणी सेल्फ मारत नाही. बॅटरी आपली आपण उतरत जाते, प्लेटांवर शिशाचं सल्फेट धरतं, घट्ट होतं आणि प्लेटा पांढऱ्या पडतात. दसऱ्याच्या सुमाराला मालक येतो, "सेल्फ उचलत नाही, बघा जरा." मी सहाही बुचं काढतो आणि हायड्रोमीटर, म्हणजे ॲसिडची घनता मोजायची नळी, घालतो. पाच सेलमध्ये ग्रॅव्हिटी, म्हणजे ती घनता, बाराशे वीस-तीस दाखवते आणि एका सेलमध्ये ती अकराशेच्या खाली जाते. तो सेल गेला. बाकीचे पाच कितीही चांगले असले तरी बारा व्होल्टची बॅटरी दहावर आली, म्हणजे डिझेल इंजिन फिरवायला ती निकामी. मालक तेव्हा दोनच गोष्टी विचारतो, नवी कितीला आणि जुनीचे किती धरणार? लिथियमबद्दल तो विचारत नाही. आणि का विचारावं?

ट्रॅक्टरला बॅटरी लागते ती दिवसातून पाच-सात वेळा, दर वेळी तीन-चार सेकंद. पण त्या तीन-चार सेकंदांत स्टार्टर दोनशे-तीनशे अँपिअर ओढतो. शिशाच्या प्लेटा तेवढा करंट सहज देतात, कारण पातळ प्लेटा जास्त घातल्या की आतला रोध कमी होतो, एवढंच त्यातलं गुपित. इंजिन लागलं की डायनॅमो तिला पुन्हा भरतो. ती भरलेलीच राहते, आणि शिशाच्या बॅटरीला भरलेलं राहणं मानवतं. तेवढाच जोर देणारी लिथियम मिळते, मिळत नाही असं नाही. पण तिच्या पोटात करंट आणि व्होल्टेज सांभाळणारं सर्किट लागतं, किंमत कितीतरी वर जाते, आणि वाचलेल्या वजनाचा ट्रॅक्टरला काहीच उपयोग नाही. उलट पुढचं वजन वाढावं म्हणून शेतकरी बंपरला लोखंडी ठोकळे लावतो.

शिवाय आमच्याकडच्या गाड्यांची वायरिंग कशी असते, हे शहरात बसून कळायचं नाही. रेग्युलेटर बिघडलेला असतो आणि बॅटरीला साडेपंधरा-सोळा व्होल्ट जात असतात. शिशाची बॅटरी अशा वेळी उकळते, पाणी खाते, सडक्या अंड्यासारखा वास मारते, पण चार दिवस निभावून नेते. बूच उघडून डिस्टिल्ड वॉटर घातलं की पुन्हा चालू. लिथियममधलं सर्किट अशा वेळी स्वतःला बंद करून घेतं. ते योग्यच करतं, पण ऊस भरलेली ट्रॉली रस्त्यात उभी राहते, आणि ते सर्किट उघडून बघणारा माणूस जवळ कुठंच सापडत नाही. शिशाच्या बॅटरीचा डॉक्टर प्रत्येक बाजारगावात आहे.

नवल म्हणजे विजेवर चालणाऱ्या मोटारींनाही ती सोडवत नाही. चाकं फिरवायला लिथियमचा मोठा पॅक असतो. पण दिवे, काचा, कुलूप आणि तो मोठा पॅक जोडणारे रिले चालवायला बऱ्याच मोटारींत बारा व्होल्टची शिशाची बॅटरी असतेच. ती बसली तर पॅक भरलेला असूनही गाडी जागची हलत नाही.

महावितरणच्या उपकेंद्रात जाऊन बघा. लाइनवर फॉल्ट आला की ब्रेकर, म्हणजे वीज तोडणारा मोठा स्विच, पडला पाहिजे. पण फॉल्टच्या वेळी बाहेरच्या विजेचा भरवसा नसतो, म्हणून ब्रेकर पाडायची वीज खोलीत मांडलेल्या बॅटऱ्यांमधून येते. त्या वर्षभर चार्जरवर भरलेल्या बसून असतात आणि कामाला येतात ते काही क्षण. दूरध्वनी केंद्रं, रेल्वेच्या डब्यांतले दिवे, रुग्णालयांचे यूपीएस, सगळीकडं कमी-अधिक हीच गोष्ट. लिथियमला कायम शंभर टक्के भरून ठेवलेलं सोसत नाही, उकाड्यात तर नाहीच. शिशाला रिकामं ठेवलेलं सोसत नाही. नुसतं भरून राखणीला बसायचं असेल तर शिसं बरं, रोज उपसायचं असेल तर लिथियम.

माझ्या आवडीचं एक उदाहरण राहवत नाही म्हणून सांगतो. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या कलवरी वर्गाच्या पाणबुड्यांत प्रत्येकी ७५० किलोचे ३६० सेल आहेत. गुणाकार केला तर २७० टन होतात. डिझेल इंजिनं ते सेल भरतात आणि पाण्याखाली पाणबुडी त्यांच्यावर चालते. हे सेल शिशाचेच. जपाननं मार्च २०२० मध्ये 'ओऱ्यू' ही लिथियमवर चालणारी पाणबुडी नौदलात घेतली, तशी पहिलीच. म्हणजे पाणबुड्यांतही बदल येतोय, पण तिथंही तो सावकाश येतोय. बंद पोलादी नळकांड्यात शंभर फूट पाण्याखाली लिथियमनं पेट घेतला तर काय, याचं उत्तर नौदलांना आधी लागतं. २०२२ च्या मार्चमध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली विजेची स्कूटर आपोआप पेटली, त्याचा व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला. त्यानंतर केंद्रानं बॅटरीच्या सुरक्षा चाचण्या कडक केल्या, तेही बरं झालं.

ही बॅटरी फ्रान्सच्या गास्ताँ प्लांतेनं १८५९ मध्ये बनवली. आपल्याकडं १८५७ चा उठाव नुकताच शमला होता. १८९९ मध्ये बेल्जियमच्या कामिय जेनात्झीनं याच बॅटऱ्यांवर मोटार ताशी शंभर किलोमीटरच्या वर पळवली. म्हणजे तिनं विजेची गाडी एकदा चालवून दाखवलेली आहे. पुढं पेट्रोलनं तिला त्या कामावरून काढलं, आणि १९१२ मध्ये कॅडिलॅकनं सेल्फ स्टार्टर आणल्यावर पेट्रोलच्याच गाडीत तिला दुसरी नोकरी मिळाली. ती अजून चालू आहे.

आता लिथियमच्या बाजूचं. इन्व्हर्टरच्या बॅटरीवर १५० अँपिअर-तास लिहिलेलं असतं. हा आकडा बॅटरी वीस तासांत हळूहळू रिकामी केली तरचा, म्हणजे साडेसात अँपिअरचा. घरात फ्रिज, पंखे, टीव्ही मिळून पाचशे वॉटचा लोड असला तर बॅटरीतून पंचेचाळीस-पन्नास अँपिअर जातात. तेव्हा ती दीडशे कुठून देणार? शंभराच्या आत आटपते. त्यातही रोज तळ गाठला तर दोन वर्षांत संपते, म्हणून निम्म्यावर थांबायला आम्ही सांगतो आणि गिऱ्हाईक ऐकत नाही. लिथियम फॉस्फेटची शंभराची बॅटरी इथं दीडशेच्या शिशाला भारी पडते. पाणी घालायचं नाही, भरते पटकन, भरताना वीज कमी वाया जाते, सायकली, म्हणजे भरून रिकामं व्हायच्या फेऱ्या, दोन-तीन हजारांच्या पुढं. ज्याच्या घरी छतावर सोलर आहे आणि रोज रात्री बॅटरी उपसली जाते, त्याला मी लिथियमच घ्या म्हणतो.

तरी दहातले बहुतेक जण ट्युब्युलर, म्हणजे इन्व्हर्टरची शिशाचीच बॅटरी, घेऊन जातात. कारण आमच्या गावात आता पूर्वीसारखं भारनियमन नाही. २००५ च्या पुढची काही वर्षं बारा-बारा तास वीज जायची, तेव्हा घराघरात इन्व्हर्टर आले. आता वळवाच्या पावसात झाड पडलं, डीपी उडाली, तेवढ्यापुरतंच काम पडतं. महिन्यातून चार वेळा लागणाऱ्या बॅटरीला तीन हजार सायकली घेऊन काय करायचं? दुसरं कारण मोठं आहे. लिथियम घ्यायला दुप्पट-अडीचपट पैसे एकदम काढावे लागतात. शिशाची घेतली तर जुनीचे तीन-चार हजार वजा होतात.

माझ्या मते खरी मेख इथं आहे. शिशाची बॅटरी मेली तरी तिला भाव असतो. दीडशेची ट्युब्युलर ॲसिडसकट पन्नास-साठ किलो भरते. त्यात निम्म्याच्या वर शिसं, आणि ते वितळवून पुन्हा नव्या बॅटरीत जातं, हवं तितक्या वेळा. जगात वापरलं जाणारं बहुतेक शिसं बॅटऱ्यांतच जातं आणि बऱ्याच देशांत नव्या बॅटरीतलं शिसं मोठ्या प्रमाणात जुन्या बॅटरीतूनच येतं. लिथियम फॉस्फेटमध्ये कोबाल्टही नाही आणि निकेलही नाही, म्हणून तिच्या भंगाराला विचारणारा अजून सापडत नाही. मेलेल्या लिथियमचे पॅक माझ्या माळ्यावर पडून आहेत. शिशाची जुनी बॅटरी मात्र माझ्या दुकानात एक रात्रही बेवारस राहत नाही. भंगारवाला फोन करकरून विचारतो, "शेठ, माल किती साठलाय?"

ही गोष्ट सरकारलाही माहीत आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पात शिशाच्या भंगारावरचं आयात शुल्क माफ झालं, म्हणजे भंगार बाहेरूनही हवं आहे. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात शिशाच्या बॅटरीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आणि ती कराच्या बाबतीत लिथियमच्या बरोबरीला बसली. मला विक्रेता म्हणून आनंदच झाला. पण जी वस्तू जाणार म्हणतात ती सरकारच्या हिशोबातही जाणारी दिसत नाही. मग तिच्या भंगाराचा हिशोबही तेवढ्याच गंभीरपणे मांडायला हवा.

जुनी बॅटरी माझ्या दुकानातून बाहेर पडायला दोन वाटा आहेत. एक वाट वितरकाची. त्याची गाडी येते, पावती होते, कर लागतो, माल नोंदणी असलेल्या कारखान्यात जातो. तिथं बंद यंत्रात बॅटरी फोडतात, प्लॅस्टिक वेगळं करतात, ॲसिडवर प्रक्रिया करतात आणि धूर पिशव्यांच्या गाळणीतून सोडतात. दुसरी वाट तीनचाकी टेम्पोची. तो रोख देतो आणि किलोला चार-सहा रुपये चढेच देतो. पावती नाही. त्याचा माल कुठं जातो हे मी विचारत नाही आणि तो सांगत नाही, अशी या धंद्यातली रीत आहे. दहा टन माल फिरवणाऱ्या माणसाला किलोमागं पाच रुपये म्हणजे पन्नास हजार. आमच्यातले किती जण तो मोह टाळत असतील, ते आपणच ताडा.

त्याला जास्त भाव परवडतो कसा? कर नाही, गाळणी नाही, ॲसिडवर प्रक्रिया नाही, कामगाराच्या रक्ताची तपासणी नाही. कायदा पाळणाऱ्या कारखान्याला या सगळ्याला पैसे लागतात. म्हणजे विष रस्त्यावर सोडल्याचं बक्षीस त्याला भावात मिळतं, आणि ते तो माझ्याशी वाटून घेतो.

ॲसिडचं बघा. भंगाराच्या बाजारात दोन भाव चालतात, ॲसिडसकटचा आणि ॲसिड काढलेल्या सुक्या मालाचा. मोठ्या ट्युब्युलरमध्ये ॲसिडच पंधरा-वीस किलो असतं. टेम्पोवाल्याला ते वाहून न्यायचं नसतं, रस्त्यात सांडलं तर गाडीचा पत्रा खातं. म्हणून तो सुक्याचा भाव चांगला देतो. मग दुकानामागं बॅटरी उलटी करून ठेवतात. ॲसिड गटारात जातं आणि त्याच्याबरोबर प्लेटांवरून सुटलेला शिशाचा राखाडी गाळही जातो. सिमेंटचं गटार महिन्याभरात खडबडीत होतं, फेस येतो, कडेचं गवत जळतं. हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. गावातल्या बॅटरीच्या दुकानांच्या मागं एक चक्कर मारली की कुठल्या दुकानात सुका माल निघतो ते कळतं.

पुढचं भट्टीचं. गावाबाहेर, बहुतेक वेळा ओढ्याकाठी, पत्र्याचं शेड. कुऱ्हाडीनं बॅटरीचं डोकं उडवतात आणि प्लेटांचे गठ्ठे हातानं ओढून काढतात. शिसं ३२७ अंशांवर वितळतं, त्यामुळं जाळ्या आणि टर्मिनल चुटकीसरशी पातळ होतात. पण प्लेटांवरची माती, म्हणजे सल्फेट आणि ऑक्साइड, एवढ्यानं वितळत नाही. तिला कोळसा आणि हजार अंशांच्या आसपासची उष्णता लागते. उघड्या भट्टीत ते पुरतं साधत नाही, म्हणून बरंचसं शिसं राखेत राहतं आणि राख ओढ्यात टाकतात. बाकीचं धुरातून आजूबाजूच्या रानावर बसतं. माणसाच्या नजरेला यातलं काही दिसत नाही, दिसतो तो थोडा धूर. कामगार संध्याकाळी त्याच कपड्यांत घरी जातो आणि पोराला कडेवर घेतो.

२०२० मध्ये युनिसेफ आणि प्रदूषणावर काम करणारी प्युअर अर्थ ही संस्था यांनी मिळून एक अहवाल काढला. जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं असावं, असा त्यातला अंदाज आहे. त्यातली २७ कोटींहून जास्त मुलं एकट्या भारतातली. कारणं अनेक आहेत, भेसळीची हळद, रंग, भांड्यांची कल्हई. पण बॅटरीचं चोरटं भंगार हे अहवालानं मोठ्या कारणांत धरलं आहे. रक्तात किती शिसं चालेल, याची सुरक्षित पातळी नाहीच, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलाला पटकन काही होत नाही. ते वर्गात मागं पडतं, चिडचिडं होतं, पोट दुखतं म्हणतं. आई-बाप मास्तरांना दोष देतात.

पटकन होतं तेव्हा काय होतं, हे सेनेगलनं पाहिलं. डकार शहराच्या थिआरॉय भागात वर्षानुवर्षं बॅटऱ्या फोडल्या जात होत्या. शिशाचा भाव चढला तशी माणसं तिथली माती घरी नेऊन चाळून शिशाचे कण वेचू लागली. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात तिथं १८ लहान मुलं दगावली.

आपल्या देशानं शिशाशी यापूर्वी दोनदा चांगली टक्कर दिली आहे. २००० मध्ये देशभर पेट्रोलमधलं शिसं बंद झालं. घरच्या रंगातलं शिसं २०१६ च्या नियमांनी दशलक्षात ९० भागांवर आणलं. दोन्ही ठिकाणी उपाय सरळ होता, वस्तूतून शिसंच काढून टाकायचं. बॅटरीतून ते काढता येत नाही, ते काढलं तर बॅटरीच उरत नाही. पण पेट्रोलमधलं शिसं धुरातून जायचं ते कायमचंच, आणि बॅटरीतलं डबा फोडेपर्यंत जागेवर असतं. त्याला हात लावणारी माणसं मोजकी आहेत: दुकानदार, टेम्पोवाला, भट्टीवाला. एवढ्या मोजक्या माणसांवर लक्ष ठेवणं लाखो पेट्रोल गाड्यांपेक्षा सोपं असायला हवं.

नियम नाहीत असं नाही. २००१ च्या नियमांत जुनी बॅटरी परत घेणं आणि दर सहा महिन्यांनी विवरणपत्र देणं ही दुकानदाराची जबाबदारी होती. किती जण देत होते तो भाग वेगळा. २०२२ मध्ये नवे नियम आले आणि भार उत्पादकावर गेला. जेवढं विकाल त्या प्रमाणात गोळा करून पुनर्वापराला पाठवा आणि त्याची प्रमाणपत्रं दाखवा. तत्त्व म्हणून मला ते पटतं. पण प्रमाणपत्र शेवटच्या कारखान्यात किती शिसं निघालं यावर मिळतं. माझ्या दुकानातून निघालेली बॅटरी मधेच टेम्पोत चढली तर त्या कागदाला काही कळत नाही. प्लॅस्टिकच्या कचऱ्यात अशीच पद्धत आहे आणि तिथं २०२३ मध्ये लाखोंच्या संख्येत बनावट प्रमाणपत्रं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळालाच सापडली होती. बॅटरीत तसं होईल असं मी म्हणत नाही. होणार नाही अशी सोय केलेली मला दिसत नाही, एवढंच.

तेव्हा माझी पहिली मागणी साधी आहे. जुनी बॅटरी ॲसिडसकटच वजन करून घ्यायची, बुचं लावून, उभी ठेवून न्यायची, आणि ॲसिड काढलेला माल कुठल्याही दुकानात वा गाडीत सापडला तर तो बेकायदा समजायचा, असा स्पष्ट आदेश राज्यात काढावा आणि तो मराठीत, ठळक अक्षरांत प्रत्येक दुकानात लावायला सांगावा. यानं सुक्या मालाचा भाव कोसळेल. टेम्पोवाल्याचं गणित या एका गोष्टीवर उभं आहे, असं मला वीस ठिकाणचे भाव ऐकून वाटतं.

दुसरी मागणी माझ्याच व्यवसायबंधूंना आवडणार नाही. दुकानदाराला पुन्हा मोजणीत घ्या. सहामाही कागद नको, ते कुणी वाचत नाही. जीएसटीच्या पावतीवर नव्या किती गेल्या ते दिसतंच. जुन्या किती आल्या आणि कुणाला दिल्या, एवढी एक ओळ मोबाइलवरून भरता आली पाहिजे. ज्याच्या नव्या शंभर गेल्या आणि जुन्या पाचच निघाल्या, त्याच्याकडं कुणीतरी चक्कर मारावी. आपल्याकडं माणसं थोडी आणि जिल्हे मोठे, हे मला कळतं. म्हणूनच सगळ्यांकडं जा असं मी म्हणत नाही.

गिऱ्हाइकाचंही बघावं लागेल. अमेरिकेच्या बऱ्याच राज्यांत नवी बॅटरी घेताना जुनी दिली नाही तर ठरावीक जादा रक्कम दुकानदार ठेवून घेतो, जुनी आणली की परत करतो. आपल्याकडं जुनीचे पैसे घासाघीस करून ठरतात, त्यामुळं जो जास्त देईल त्याच्याकडं ती जाते. ठरावीक अनामत लावण्याची मुभा २०२२ च्या नियमांत उत्पादकांना आहे. राज्यानं उत्पादकांना एकत्र बसवून ती सगळ्यांची एकच ठेवायला लावावी. एकट्या दुकानदारानं लावली तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं.

ई-रिक्षांचा विषय मी मुद्दाम वेगळा काढतो, कारण शिशाची बॅटरी चुकीच्या जागी वापरली जाते ती तिथं. नागपूरसारख्या शहरात त्या ढिगानं आहेत. एका रिक्षात बारा व्होल्टच्या चार बॅटऱ्या, मिळून शंभर किलोच्या वर, रोज तळापर्यंत उपसलेल्या. वर्ष-दीड वर्षात चौघी बाद. ट्रॅक्टरची बॅटरी चार-पाच वर्षं काढते, ही वर्षागणिक शंभर किलोचं भंगार बाहेर टाकते, आणि रिक्षावाला ते रोख भाव देणाऱ्यालाच देणार, कारण त्याला नवीचा हप्ता भरायचा असतो. वर्षाचा हिशोब मांडला तर लिथियम त्याला स्वस्त पडते, हे त्याला माझ्याइतकंच कळतं. एकदम भरायचे पैसे त्याच्याकडं नसतात आणि बँक त्याला दारात उभं करत नाही. केंद्रानं अनुदानं प्रगत बॅटरीच्या रिक्षांनाच ठेवली होती, पण शिशाची रिक्षा विनाअनुदान घेतली तरी सुरुवातीला स्वस्त पडते म्हणून खपते. राज्याला लिथियमसाठी पैसा घालायचाच असेल तर तो इथं, या चार बॅटऱ्यांच्या बदलीत घालावा. बंगल्यातल्या इन्व्हर्टरला त्याची गरज नाही.

भट्ट्या शोधण्याबद्दल मी जास्त लिहीत नाही, ते पत्रात लिहिण्यासारखंही नाही. एक खूण मात्र सांगतो. सुकी बॅटरी फोडल्यावर काळ्या-लाल प्लॅस्टिकचे डबे उरतात. ते धुऊन प्लॅस्टिकचा दाणा बनवणाऱ्यांकडं जातात. दाणेवाल्याच्या खरेदीच्या वह्या पाहिल्या की भट्टी किती कोसांवर आहे ते उलगडत जातं. आणि जिथं भट्टी सापडेल तिथं नुसतं शेड पाडून निघून येऊ नये. आरोग्य खात्याला बरोबर घेऊन आसपासच्या वस्तीतल्या सहा वर्षांखालच्या मुलांच्या रक्ताची तपासणी व्हावी, ओढ्यातली राख उचलली जावी आणि शाळेच्या मैदानातली माती तपासावी. शेड पाडलं तरी माती तशीच राहते, आणि पुढच्या वर्षी त्याच जागेवर कुणीतरी कोथिंबीर लावतं.

आमच्याकडं दसऱ्यापासून जुन्या बॅटऱ्यांची आवक वाढते. ट्रॅक्टर हंगामासाठी तयार होतात, ऑक्टोबरच्या उकाड्यात इन्व्हर्टरच्या बॅटऱ्याही माना टाकतात, आणि दिवाळीपर्यंत दुकानापुढं थप्पी लागते. ॲसिडसकट वजनाचा आदेश त्याआधी निघाला तर यंदाचाच माल सरळ वाटेनं जाईल. माझ्या दुकानात वजनकाटा आहे, जुन्या मालाची वही आहे. आपल्या प्रादेशिक कार्यालयातून कुणी आलं तर एकाच बॅटरीचं ॲसिडसकट आणि ॲसिडविना काय वजन भरतं आणि बाजार दोन्हीला काय भाव देतो, ते समोर मांडून दाखवीन. ॲसिड ओतायला प्लॅस्टिकचा पिंप आणि चुन्याचं पोतं मी ठेवलेलं आहे.

कळावे,

आपला,
एक बॅटरी दुकानदार
जिल्हा सांगली